लिनक्स प्रणालीतील लोकेल आणि फाइलनामांची अकारविल्हे मांडणी : मराठी वर्णक्रमाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

संगणकाच्या पडद्यावर दिसणारी फाइलींची यादी ज्या क्रमाने दिसते तो क्रम फाइलींचा अंगभूत गुणधर्म असतो, असा सर्वसाधारण समज आहे. लिनक्स प्रणालीत हा क्रम 'लोकेल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषिक-प्रादेशिक संकेतसंचावर अवलंबून असतो. लोकेल बदलले की त्याच फाइलींची यादी वेगळ्या क्रमाने दिसते. मराठी नावांच्या बाबतीत ळ, क्ष, ज्ञ, ॲ आणि अनुस्वार यांमुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. प्रस्तुत लेखात लोकेलची संकल्पना, क्रमनिश्चितीची प्रक्रिया, मराठी वर्णमाला व युनिकोड यांतील तफावत आणि महाविद्यालयीन दप्तराच्या दृष्टीने तिचे परिणाम यांचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : लिनक्स, लोकेल, अकारविल्हे क्रम, युनिकोड, मराठी वर्णमाला, फाइलनाम.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कार्यालयात 'अकारविल्हे' हा शब्द नित्याचा आहे. प्रवेशित विद्यार्थ्यांची यादी, ग्रंथालयातील सभासदांची नोंदवही, परीक्षेचा बैठकक्रम, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सर्व अकारविल्हे लावले जाते. कागदी दप्तराच्या काळात हा क्रम लिपिकाच्या मनात असे. क नंतर ख येतो, ह नंतर ळ येतो आणि क्ष, ज्ञ सर्वांत शेवटी येतात, हे त्याने पहिलीच्या वर्गात पाठ केलेले असे. दप्तर संगणकावर आल्यानंतर ही जबाबदारी यंत्राकडे गेली. यंत्राने लावलेला क्रम बिनचूकच असणार, हे त्यानंतर गृहीत धरले गेले.

हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. लिनक्स ही मुक्त स्रोत प्रणाली परवाना शुल्काशिवाय उपलब्ध असल्याने मर्यादित साधने असलेल्या महाविद्यालयांना ती सोयीची ठरते. प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजेच सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल असलेली लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. याशिवाय विंडोज वापरणाऱ्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ किंवा विदागार ज्या सर्व्हरवर असते, तेथेही बहुधा लिनक्सच असते. त्यामुळे लिनक्स कोणत्या नियमाने क्रम लावते, हा प्रश्न संगणकशास्त्राच्या अध्यापकापुरता मर्यादित राहत नाही.

२. फाइलचे नाव : लिनक्सच्या दृष्टीने

लिनक्सच्या दृष्टीने फाइलचे नाव म्हणजे बाइटांची एक मालिका होय. त्या बाइटांचा अर्थ मराठी आहे की इंग्रजी, याच्याशी प्रणालीच्या गाभ्याला कर्तव्य नसते. नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट ही दोन चिन्हे चालत नाहीत, एवढाच मूलभूत निर्बंध असतो. प्रचलित 'ईएक्सटी-४' या फाइलव्यवस्थेत नावाची कमाल लांबी २५५ बाइट असते.

आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या संकेतनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'उमापूर' या नावात उ, म, काना, प, दीर्घ उकार आणि र अशी सहा संकेतचिन्हे आहेत. म्हणजेच बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील या गावाचे नाव फाइलीला दिल्यास १८ बाइट खर्च होतात. या हिशेबाने संपूर्ण देवनागरी नावात जास्तीत जास्त ८५ संकेतचिन्हे मावतात. लांबलचक शीर्षक जसेच्या तसे फाइलीला देण्याची सवय असलेल्यांनी ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

फाइलव्यवस्था ही नावे अकारविल्हे साठवत नाही. ती आपल्या अंतर्गत सोयीने कोणत्याही क्रमाने ठेवलेली असतात. यादी मागणारी आज्ञा, उदाहरणार्थ 'एलएस', ही नावे गोळा करते, त्यांचा क्रम लावते आणि मग ती पडद्यावर मांडते. तात्पर्य, क्रम फाइलींत नसतो. तो पाहण्याच्या क्षणी तयार केला जातो, आणि तो तयार करताना लोकेलचा सल्ला घेतला जातो.

३. लोकेल म्हणजे काय?

लोकेल म्हणजे एखादी भाषा आणि एखादा प्रदेश यांच्या लेखनसंकेतांचा संच होय. दिनांक कसा लिहावा, संख्येत स्वल्पविराम कोठे द्यावा, चलनाचे चिन्ह कोणते, संदेश कोणत्या भाषेत दाखवावेत आणि अक्षरांचा क्रम कोणता, हे सर्व त्यात नमूद असते. भारतातील मराठीसाठी 'एमआर_आयएन', भारतातील इंग्रजीसाठी 'ईएन_आयएन' आणि अमेरिकेतील इंग्रजीसाठी 'ईएन_यूएस' अशी संक्षिप्त नावे आहेत. यांखेरीज 'सी' नावाचे एक मूळ लोकेल प्रत्येक यंत्रावर असते. ते कोणत्याही भाषेचे नसून यंत्राच्या सोयीचे आहे.

अक्षरक्रम कोणत्या लोकेलने ठरवायचा, हे तीन चलांच्या आधारे निश्चित होते. प्रथम 'एलसी_ऑल' पाहिले जाते. त्याला मूल्य दिलेले असल्यास तेच अंतिम ठरते. ते रिकामे असल्यास केवळ क्रमाशी संबंधित असलेले 'एलसी_कोलेट' पाहिले जाते. तेही रिकामे असल्यास 'लँग' या सर्वसाधारण चलाचे मूल्य स्वीकारले जाते. तिन्ही रिकामी असल्यास 'सी' लोकेल लागू होते. विशेष म्हणजे मागितलेले लोकेल यंत्रावर बसवलेलेच नसेल, तर अनेक आज्ञा कोणतीही तक्रार न करता 'सी' लोकेलनेच काम उरकतात. वापरकर्त्याला वाटते की मराठी क्रम लागला; प्रत्यक्षात तो लागलेला नसतो.

यावरून एक नेहमी आढळणारी अडचण उलगडते. एखादा अध्यापक टर्मिनलवर आज्ञा चालवून यादी तयार करतो तेव्हा त्याच्या सत्राचे लोकेल लागू असते. तीच आज्ञा 'क्रॉन'च्या साहाय्याने रात्री आपोआप चालवली, तर तेथे 'लँग'चे मूल्य पोहोचलेले असेलच असे नाही. मग दिवसा तयार झालेली यादी आणि रात्री तयार झालेली यादी एकमेकींशी जुळत नाहीत. आज्ञा एकच, फाइली त्याच, परंतु संकेतसंच वेगळा असतो.

४. क्रम लावण्याच्या दोन रीती

४.१ बाइटमूल्यांची रीत

'सी' लोकेलमध्ये दोन नावांची तुलना बाइटांच्या संख्यात्मक मूल्यांवरून होते. रोमन लिपीत आंतरराष्ट्रीय अंक शून्याचे मूल्य ४८, कॅपिटल 'ए'चे ६५, अधोरेषेचे ९५ आणि लहान 'ए'चे ९७ आहे. त्यामुळे प्रथम अंकांनी सुरू होणारी नावे, नंतर सर्व कॅपिटल अक्षरांची, मग अधोरेषेने सुरू होणारी आणि शेवटी लहान अक्षरांची नावे येतात. कॅपिटल 'झेड'ने सुरू होणारे नाव लहान 'ए'ने सुरू होणाऱ्या नावाच्या आधी लागते. शब्दकोशाच्या दृष्टीने हे विचित्र असले, तरी ही रीत वेगवान आहे आणि प्रत्येक यंत्रावर एकच उत्तर देते.

४.२ स्तरांची रीत

भाषिक लोकेलमध्ये तुलना अनेक स्तरांवर होते. पहिल्या स्तरावर फक्त मूळ अक्षरे पाहिली जातात. ती सारखी असल्यास दुसऱ्या स्तरावर अक्षरावरील विशेष चिन्हे, तिसऱ्या स्तरावर लहान-मोठ्या लिपीचा भेद आणि त्यापुढे विरामचिन्हे असा विचार होतो. या रीतीचा आंतरराष्ट्रीय आधार म्हणजे आयएसओ १४६५१ हे मानक आणि त्याच्याशी सुसंगत असलेली युनिकोडची क्रमनिश्चिती पद्धती होय. लिनक्समधील 'जीलिबसी' हे पायाभूत ग्रंथालय याच मानकाचा तक्ता वापरते.

हा तक्ता अपरिवर्तनीय नाही, ही बाब महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जीलिबसी'च्या २.२८ या आवृत्तीत संपूर्ण तक्ता अद्ययावत करण्यात आला. त्यापूर्वी इंग्रजी लोकेलमध्ये संयोगरेषा, टिंब यांसारखी विरामचिन्हे पहिल्या स्तरांवर दुर्लक्षिली जात; नव्या आवृत्तीपासून त्यांना स्वतःचे वजन मिळाले. परिणामी लोकेल तेच राहूनही केवळ आवृत्ती बदलल्याने क्रम बदलला. 'पोस्टग्रेस-एसक्यूएल' या विदागार प्रणालीत याचे गंभीर पडसाद उमटले. तेथील मजकुराच्या अनुक्रमणिका जुन्या क्रमाने रचलेल्या होत्या आणि शोध मात्र नव्या क्रमाने होऊ लागला. नोंद अस्तित्वात असूनही ती न सापडणे, किंवा एकमेव असावयास हवी अशी नोंद दोनदा स्वीकारली जाणे, असे दोष त्यातून संभवतात. अनुक्रमणिका नव्याने बांधणे हाच त्यावरील उपाय ठरला.

५. मराठी वर्णमाला आणि युनिकोडमधील स्थान

देवनागरीच्या युनिकोड तक्त्याचा पाया 'इस्की' या भारतीय संकेतमानकाच्या १९८८ च्या आवृत्तीत आहे. हे मानक ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व प्रमुख भारतीय लिप्यांसाठी समान आराखड्याने रचले गेले होते. त्यामुळे त्यातील स्थाननिश्चिती मराठीच्या वर्णमालेवरून झालेली नाही. यूटीएफ-८ मध्ये बाइटमूल्यांचा क्रम आणि युनिकोड क्रमांकांचा क्रम एकच असतो. म्हणून 'सी' लोकेलमध्ये मराठी नावे युनिकोडच्या तक्त्यातील स्थानाप्रमाणे लागतात.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाद्वारे मराठीसाठी देवनागरी लिपी व वर्णमाला प्रमाणित केली. तीत ॲ व ऑ यांना स्वरांत स्थान देण्यात आले, ळ हे व्यंजन ह नंतर ठेवण्यात आले आणि क्ष व ज्ञ ही विशेष संयुक्त व्यंजने शेवटी ठेवण्यात आली. या वर्णमालेची युनिकोडच्या स्थानांशी तुलना केल्यास पुढील तफावती आढळतात.

५.१ वरकरणी जुळणारा क्रम

प्रथम एक फसवे उदाहरण पाहू. बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. त्यांच्या नावांच्या फाइली 'सी' लोकेलमध्ये लावल्यास अंबाजोगाई, आष्टी, केज, गेवराई, धारूर, परळी, पाटोदा, बीड, माजलगाव, वडवणी, शिरूर कासार असा क्रम मिळतो. हा क्रम कोणत्याही मराठी वाचकाला निर्दोष वाटेल. 'उमापूर' हे नाव त्यात घातले तर तेही आष्टी आणि केज यांच्यामध्ये योग्य ठिकाणी बसते. एवढ्या पडताळणीवरून यंत्राला मराठी क्रम समजतो, असा निष्कर्ष काढणे साहजिक आहे. परंतु तो चुकीचा आहे. या यादीत क्रमाची परीक्षा पाहणारी अक्षरे निर्णायक ठिकाणी आलेली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

५.२ ळ या वर्णाचे स्थान

युनिकोडमध्ये ळ हा वर्ण ल च्या नंतर आणि व च्या आधी आहे. त्यामुळे 'परळी' आणि 'परवाना' या दोन नावांपैकी 'सी' लोकेल 'परळी'ला आधी ठेवते. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येत असल्याने 'परवाना' आधी आणि 'परळी' नंतर यावयास हवे. शब्द ळ ने सुरू होत नसल्याने ही चूक पहिल्या अक्षरावरून लक्षात येत नाही. ती नावाच्या पोटात दडलेली असते.

५.३ क्ष आणि ज्ञ

युनिकोडमध्ये क्ष व ज्ञ यांना स्वतंत्र क्रमांक नाहीत. क्ष म्हणजे क, हलन्त चिन्ह आणि ष. ज्ञ म्हणजे ज, हलन्त चिन्ह आणि ञ. म्हणून बाइटमूल्यांच्या रीतीत क्ष ने सुरू होणारी नावे क च्या गटाच्या अखेरीस, ख च्या आधी जातात. समजा, एका वर्गात कविता, क्षमा, खंडू, ज्ञानेश्वर, झुंबर व हनुमंत अशी नावे आहेत. 'सी' लोकेलमध्ये ती याच क्रमाने लागतील. वर्णमालेच्या नियमाने मात्र कविता, खंडू, झुंबर, हनुमंत, क्षमा, ज्ञानेश्वर असा क्रम होईल.

येथे यंत्राची रीत परंपरेला सर्वस्वी सोडून आहे, असेही म्हणता येत नाही. संस्कृत कोशपरंपरेत क्ष हे क चे जोडाक्षरच मानले जाते. वामन शिवराम आपटे यांच्या १८९० च्या संस्कृत-इंग्रजी कोशात क्ष ने सुरू होणारे शब्द क या वर्णातच आढळतात. म्हणजेच कोश चाळणारा संस्कृतचा अध्यापक आणि वर्णमाला पाठ केलेला लिपिक या दोघांच्या मनातील अकारविल्हे क्रम एकच नसतो. यंत्राने त्यांपैकी कोणाचे ऐकावे, हा निर्णय माणसाने घ्यावयाचा असतो.

५.४ अनुस्वार

अनुस्वाराबाबत तर तीन रीती संभवतात. अंबाजोगाई, अकोला आणि अमरावती ही तीन नावे घेऊ. पहिल्या रीतीत बाइटमूल्य पाहिले जाते. युनिकोडमध्ये अनुस्वार सर्व व्यंजनांच्या आधी असल्याने अंबाजोगाई, अकोला, अमरावती असा क्रम येतो. दुसऱ्या रीतीत अनुस्वाराला पहिल्या स्तरावर वजन नसते. तेव्हा 'अंबाजोगाई'ची तुलना 'अबाजोगाई' असल्याप्रमाणे होते आणि अकोला, अंबाजोगाई, अमरावती असा क्रम मिळतो. तिसऱ्या रीतीत अनुस्वार हा पुढील व्यंजनाच्या वर्गातील अनुनासिक मानला जातो. 'अम्बाजोगाई' असे समजून क्रम लावल्यास अकोला, अमरावती, अंबाजोगाई अशी मांडणी होते. एकच नाव तीन रीतींत अनुक्रमे पहिले, दुसरे आणि तिसरे ठरते. तिन्ही रीतींमागे आपापले तर्कशास्त्र आहे. कोणतीही रीत निव्वळ यांत्रिक चूक नाही.

५.५ ॲ आणि दुहेरी लेखन

ॲ हा स्वर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाला. तोपर्यंत स्वरांच्या रांगेतील जागा भरलेल्या असल्याने त्याला ह च्या पलीकडे, देवनागरी अंकांच्याही नंतरची जागा मिळाली. परिणामी 'ॲडमिशन' या नावाची फाइल 'सी' लोकेलमध्ये 'हजेरी' या फाइलीच्याही नंतर लागते.

याहून गंभीर बाब म्हणजे हाच स्वर अ या अक्षराला चंद्राची मात्रा जोडूनही लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसू शकतात. परंतु त्यांचे बाइट वेगळे असल्याने लिनक्स त्यांना दोन भिन्न नावे समजते. एक फाइल यादीच्या आरंभी आणि दुसरी अखेरीस, असे चित्र मग दिसते. 'सुधाऱ्यांची' यासारख्या शब्दातील ऱ्य बाबतही असेच घडते. तो ऱ या स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, र ला नुक्ता जोडून लिहिता येतो, तसेच अदृश्य जोडचिन्ह वापरूनही लिहिता येतो. शोधपेटीत टाइप केलेले नाव आणि साठवलेले नाव वेगवेगळ्या रीतीने लिहिले गेले असल्यास फाइल समोर असूनही ती मिळत नाही.

६. अंकांचा प्रश्न

लोकेल कोणतेही असले तरी साध्या क्रमवारीत अंकांची तुलना संख्या म्हणून न होता चिन्हे म्हणून होते. त्यामुळे 'प्रकरण १', 'प्रकरण १०', 'प्रकरण २' असा क्रम लागतो. 'एलएस' या आज्ञेला आवृत्तीक्रमाचा पर्याय दिल्यास नावातील संख्या संख्या म्हणून वाचल्या जातात. 'सॉर्ट' या आज्ञेलाही संख्यात्मक क्रमाचा पर्याय आहे. तथापि या सोयी आंतरराष्ट्रीय अंकांपुरत्याच आहेत. देवनागरी अंकांना या आज्ञा संख्या मानत नाहीत. फाइलनामात देवनागरी अंक वापरणे भाषिकदृष्ट्या उचित असले तरी क्रमाच्या दृष्टीने त्याची ही किंमत मोजावी लागते.

शिवाय 'नोम'च्या फाइल व्यवस्थापकासारख्या खिडकीयुक्त साधनांत संख्यांचा विचार करणारी वेगळी तुलना वापरली जाते. म्हणून एकाच यंत्रावर, एकाच फोल्डरची यादी खिडकीत एका क्रमाने आणि टर्मिनलवर दुसऱ्या क्रमाने दिसू शकते.

७. महाविद्यालयीन दप्तरावर होणारे परिणाम

क्रमातील हा फरक दिसण्यापुरताच असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. प्रत्यक्षात त्याचे तीन प्रकारचे परिणाम संभवतात.

पहिला परिणाम शोधावर होतो. अकारविल्हे यादी वाचणारा माणूस संपूर्ण यादी वाचत नाही. तो अपेक्षित ठिकाणी नजर टाकतो. 'ज्ञानेश्वर' हे नाव यादीच्या शेवटी असणार, या अपेक्षेने लिपिक शेवटचे पान पाहतो. यंत्राने ते ज च्या गटात ठेवलेले असते. 'नोंद आढळत नाही' असा शेरा पडतो. बारा वर्षांपूर्वी शिकलेल्या विद्यार्थ्याला नोकरीसाठी दाखल्याची दुय्यम प्रत हवी असते आणि नोंद असूनही ती नसल्याचे त्याला सांगितले जाते. गावाहून एस.टी.ने आलेल्या त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही तांत्रिक बाब राहत नाही. त्याचा दिवस आणि प्रसंगी संधीही वाया जाते.

दुसरा परिणाम याद्यांच्या जुळणीवर होतो. शुल्क भरलेल्यांची यादी आणि परीक्षा अर्ज भरलेल्यांची यादी यांची तुलना करण्यासाठी 'जॉइन' किंवा 'कॉम' या आज्ञा वापरल्या जातात. दोन्ही याद्या एकाच नियमाने लावलेल्या असाव्यात, ही त्यांची पूर्वअट आहे. एक यादी मराठी लोकेलमध्ये आणि दुसरी 'सी' लोकेलमध्ये लावलेली असल्यास काही जोड्या निसटतात. आज्ञेने दिलेल्या सूचनेकडे दुर्लक्ष झाले, तर शुल्क भरलेला विद्यार्थी थकबाकीदार म्हणून नोंदला जाण्याची शक्यता असते.

तिसरा परिणाम अक्षरांच्या पट्ट्यावर आधारित आज्ञांवर होतो. लहान 'ए' ते लहान 'झेड' या पट्ट्यातील फाइली निवडण्याची आज्ञा दिल्यास, 'शेल'च्या जुन्या आवृत्त्यांत लोकेलच्या क्रमानुसार कॅपिटल अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइलीही त्यात येत असत. हीच आज्ञा फाइली काढून टाकण्यासाठी वापरली गेल्यास हानी भरून न येणारी ठरते. जुनी यंत्रे अद्याप वापरात असलेल्या ठिकाणी ही दक्षता आवश्यक आहे.

८. पडताळणीची सोपी पद्धत

आपल्या यंत्रावर कोणता नियम लागू आहे, हे जाणून घेण्यासाठी दीर्घ अभ्यासाची गरज नाही. 'लोकेल' ही आज्ञा दिल्यास सर्व चलांची सध्याची मूल्ये दिसतात. तिला 'ए' हा पर्याय जोडल्यास यंत्रावर बसवलेल्या लोकेलांची यादी मिळते. 'एमआर_आयएन' तीत नसल्यास मराठी क्रमाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ते प्रथम बसवून घ्यावे.

त्यानंतर एका साध्या मजकूर फाइलीत प्रत्येक ओळीवर एक याप्रमाणे खंडू, क्षमा, हनुमंत, परळी, परवाना, अंबाजोगाई, अकोला, अमरावती, ॲडमिशन, आष्टी ही दहा नावे लिहावीत. ही फाइल 'सॉर्ट' आज्ञेने दोनदा लावावी. एकदा 'एलसी_ऑल'चे मूल्य 'सी' ठेवून आणि एकदा 'एमआर_आयएन' ठेवून. क्षमा हे नाव खंडूच्या आधी आले तर क्ष हे जोडाक्षर मानले जात आहे. हनुमंतच्या नंतर आले तर वर्णमालेचा नियम लागू आहे. परळी व परवाना यांवरून ळ चे, अंबाजोगाईच्या जागेवरून अनुस्वाराचे आणि ॲडमिशनच्या जागेवरून ॲ चे स्थान कळते. नियमांचा तक्ता आवृत्तीगणिक बदलत असल्याने ही चाचणी प्रत्येक यंत्रावर आणि प्रणालीच्या प्रत्येक मोठ्या अद्ययावतीकरणानंतर पुन्हा घेणे इष्ट आहे.

एक सावधगिरी नमूद करणे आवश्यक आहे. 'एलसी_ऑल'ला 'सी' हे मूल्य दिल्याने केवळ क्रम बदलत नाही, अक्षरांची ओळखही बदलते. टर्मिनलवर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा आकडी संकेत दिसू लागतात. फक्त क्रमच बदलावयाचा असल्यास 'एलसी_ऑल' रिकामे ठेवून 'एलसी_कोलेट'ला 'सी' हे मूल्य द्यावे. अथवा 'सी'चे यूटीएफ-८ रूप वापरावे. 'जीलिबसी'मध्ये ते २०२२ च्या २.३५ या आवृत्तीपासून अधिकृतरीत्या उपलब्ध आहे.

९. उपाययोजना

वरील विवेचनाच्या आधारे महाविद्यालयांसाठी पुढील बाबी सुचविता येतात.

अ) यंत्राने यंत्रासाठी केलेले काम आणि माणसाने वाचावयाची यादी यांत भेद करावा. जुळणी, तुलना, प्रतिपूर्ती यांसाठी 'सी' लोकेल वापरावे, कारण त्याचे उत्तर सर्वत्र सारखे येते. सूचनाफलकावर लावावयाच्या यादीसाठी मराठी लोकेल वापरावे.

आ) आपोआप चालणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीच्या आरंभी लोकेल स्पष्टपणे लिहावे. ते वातावरणातून आपोआप मिळेल, यावर विसंबून राहू नये.

इ) क्रम महत्त्वाचा असलेल्या फाइलींच्या नावाच्या आरंभी समान लांबीचा अनुक्रमांक आंतरराष्ट्रीय अंकांत द्यावा आणि आवश्यक तेथे अंकाआधी शून्ये जोडावीत. दिनांक असल्यास वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावा. अशी नावे कोणत्याही लोकेलमध्ये एकाच क्रमाने लागतात. मूल्यांकनासाठी शेकडो दस्तऐवज अपलोड करताना ही शिस्त विशेष उपयोगी ठरते.

ई) ॲ, ऱ यांसारख्या वर्णांचे एकच लेखनरूप ठरवून सर्व कर्मचाऱ्यांनी तेच वापरावे. कळफलकाची एकच मांडणी, शक्यतो इनस्क्रिप्ट, स्वीकारल्यास हे सुलभ होते.

उ) कोणतीही अकारविल्हे यादी प्रसिद्ध करताना क्ष, ज्ञ, ळ आणि अनुस्वार यांबाबत कोणता नियम पाळला आहे, हे तळटीपेत एका ओळीत नमूद करावे. ग्रंथसूचीत अशी टीप देण्याची पद्धत ग्रंथपालांना अपरिचित नाही.

ऊ) प्रणालीचे अद्ययावतीकरण केल्यानंतर विदागारातील मजकुराच्या अनुक्रमणिका नव्याने बांधून घ्याव्यात.

१०. निष्कर्ष

अकारविल्हे क्रम हा निसर्गनियम नसून भाषिक समाजाने स्वीकारलेला संकेत आहे. तो संकेत यंत्राला लोकेलच्या रूपाने सांगावा लागतो. न सांगितल्यास यंत्र आपल्या सोयीचा क्रम लावते आणि तो बऱ्याचदा मराठी क्रमासारखाच दिसतो. बीड जिल्ह्यातील अकरा तालुक्यांच्या यादीने दाखवून दिल्याप्रमाणे, हे साम्यच अधिक धोकादायक आहे, कारण ते तपासणीची गरज वाटू देत नाही. ळ, क्ष, ज्ञ, ॲ आणि अनुस्वार यांच्याशी गाठ पडली की तफावत उघड होते, आणि तोपर्यंत काही नोंदी 'आढळत नाहीत' या शेऱ्याखाली गेलेल्या असतात.

मराठीच्या अध्यापकाला वर्णक्रमाचे ज्ञान असते, संगणकाच्या अध्यापकाला लोकेलचे. या दोन विभागांनी एकत्र बसून आपल्या महाविद्यालयाचा नियम ठरवणे, तो लिहून ठेवणे आणि कार्यालयाच्या प्रत्येक यंत्रावर तो लागू आहे याची खातरजमा करणे, हे एका दुपारचे काम आहे. ते केल्यास यादीत असलेला विद्यार्थी यादीत सापडेल, आणि दप्तर संगणकावर नेण्याचा मूळ हेतूही तोच होता.